कारच्या एसीचा प्रेशर सेन्सर बदलताना: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकला गाड्यांच्या एसीचं काम करतो. होळी झाली की फोन सुरू होतात आणि मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की ते थांबतच नाहीत. गेल्या काही वर्षांत एक वाक्य फार ऐकू येतं: ‘मेकॅनिक म्हणतोय प्रेशर सेन्सर गेला. ऑनलाइन मागवून घरीच बसवू का?’ कधी हो, कधी अजिबात नाही. कोणत्या गाडीला हो आणि कोणत्या गाडीला नाही, हे एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे प्रश्न एकत्र केले.

हा सेन्सर नेमका करतो काय? असतो कुठे?

एसीच्या पाइपात गॅस किती दाबाखाली आहे हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्या आकड्यावर कॉम्प्युटर तीन गोष्टी ठरवतो: कॉम्प्रेसर चालवायचा की नाही, रेडिएटरचा पंखा हळू फिरवायचा की जोरात, आणि दाब धोक्याच्या वर गेला तर सगळं कधी तोडायचं. गॅस गळून गेला असेल तरी तो कॉम्प्रेसर सुरू होऊ देत नाही. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस नाही म्हणजे तेलही नाही, आणि कोरडा कॉम्प्रेसर थोड्याच वेळात जॅम होतो.

जागा म्हणाल तर बॉनेट उघडल्यावर कंडेन्सरकडून (रेडिएटरसमोरची एसीची जाळी) केबिनकडे जाणारा बारीक अ‍ॅल्युमिनियमचा पाइप शोधा. त्यावर बुटकं, षटकोनी बुडाचं आणि वर प्लॅस्टिकचं सॉकेट असलेलं बोंडूक दिसेल. काही गाड्यांत ते ड्रायरच्या (ओलावा शोषणाऱ्या) बाटलीवर असतं, काहींत बंपर काढल्याशिवाय दिसतही नाही.

प्रेशर स्विच आणि प्रेशर सेन्सर एकच ना?

नाही. जुन्या गाड्यांत स्विच असे. दाब ठरावीक मर्यादेत असला की जोडणी चालू, बाहेर गेला की बंद. सेन्सर प्रत्यक्ष आकडा सांगतो. त्याला बहुतेक वेळा तीन वायरी असतात: एक पाच व्होल्टची, एक अर्थची आणि एक सिग्नलची. दाब वाढेल तसं सिग्नलचं व्होल्टेज साधारण अर्ध्यापासून साडेचारपर्यंत चढतं. काही नव्या गाड्यांत हा निरोप डिजिटल असतो, तिथे साध्या मल्टिमीटरवर समजेल असं काही दिसत नाही. दुकानात ‘एसीचा स्विच द्या’ म्हणालात तर भलतंच हातात पडेल. जुन्यावरचा पार्ट नंबर वाचून घ्या.

सेन्सरच गेलाय हे कशावरून ओळखायचं?

हा प्रश्न विचारणारे कमी. सगळ्यांना थेट बदलायचाच असतो.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०५३० ते पी०५३३ यातला कोड आला की लोक सेन्सरला दोषी ठरवून मोकळे होतात. कोड नीट वाचा. पी०५३२ म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खाली, पी०५३३ म्हणजे वर. तक्रार त्या सर्किटबद्दल आहे. सर्किटमध्ये सेन्सर आला, तशी वायर, सॉकेट आणि अर्थही आली.

माझी पद्धत सांगतो. गाडी रात्रभर उभी ठेवायची. सकाळी इंजिन सुरू न करता हाय साइडला, म्हणजे एसीच्या जास्त दाबाच्या बाजूला, दाब मोजायचं गेज लावायचं आणि फक्त चावी ऑन करून स्कॅनरवर एसीचं प्रेशर वाचायचं. आर-१३४ए या एसीच्या गॅसचा थंड गाडीतला दाब हवेच्या तापमानावर ठरतो: २० अंशांना साधारण ६८ पीएसआय, ३० अंशांना सुमारे ९७, ४० अंशांना १३३च्या आसपास. आता गेज आणि स्कॅनर समोरासमोर ठेवा. दोन्ही जुळले तर सेन्सर निर्दोष. गेजच शून्याजवळ असेल तर गॅस गेलाय, सेन्सर इमानदारीने तेच सांगतोय, त्याला बदलून काय होणार? गेज ९५ दाखवतंय आणि स्कॅनर शून्य किंवा चारशे, तरच संशय घ्यायचा. काही स्कॅनर वातावरणाचा दाब मिळवून आकडा देतात, म्हणून तेरा-चौदा पीएसआयचा फरक दिसला तर घाबरू नका.

त्यानंतर सॉकेट काढून, चावी ऑन ठेवून, पाच व्होल्ट आणि अर्थ येते का ते पाहायचं. हिरवट गंज चढलाय का, वायर उंदराने कुरतडलीय का, तेही तेव्हाच दिसतं. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडे रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांचं सॉकेट मी आधी उघडतो.

एक किस्सा. पिंपळगावकडचे एक द्राक्षवाले काका गाडी घेऊन आले. दोन ठिकाणी दोन सेन्सर बदलून झाले होते, एसी मात्र खड्ड्यात गाडी आदळली की बंद. मी सॉकेटमध्ये टॉर्च मारला. मधल्या पिनची पितळी जिभली दोन्हीकडे फाकलेली होती. कुणीतरी मल्टिमीटरचा जाड प्रोब आत खुपसला होता, त्यामुळे पिन सैल, गाडी हलली की संपर्क तुटायचा. पिन बदलली, काम झालं. काकांनी जुने दोन्ही सेन्सर पिशवीतून काढून टेबलावर ठेवले आणि विचारलं, “मग हे?” म्हटलं, “दोन्ही चांगले आहेत, काका.” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी सॉकेटमध्ये बारीक पिनशिवाय काही घालत नाही, तुम्हीही घालू नका.

गॅस न काढता सेन्सर बदलता येतो का?

घरी करायचं की नाही हे याच उत्तरावर ठरतं.

बऱ्याच गाड्यांत सेन्सर ज्या तोटीवर बसतो तिच्या आत व्हॉल्व्ह पिन असते, टायरच्या ट्यूबमध्ये असते तशीच. सेन्सर आवळला की त्याचा टोचा ती पिन दाबून धरतो, सैल केला की पिन स्वतः बंद होते. अशा गाडीत सेन्सर काढताना क्षणभर फुस्स होतं, तेलाचा एखादा थेंब येतो, बस.

पण सगळ्या गाड्यांत पिन नसते. काहींत सेन्सरखाली थेट उघडं भोक असतं. तिथे पाना फिरवलात तर शंभर-सव्वाशे पीएसआयचा गॅस तुमच्या तोंडावर येतो. बाहेरून दोन्ही तोट्या सारख्याच दिसतात, ही खरी गोम. त्यामुळे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, किंवा ज्याने त्याच मॉडेलचा सेन्सर स्वतःच्या हाताने काढलाय त्याला विचारा. व्हिडिओतली गाडी तुमच्यासारखी दिसते हा पुरावा नव्हे, मॉडेल तेच राहून वर्षागणिक पाइप बदलतात. खात्री होत नसेल तर पिन नाही असंच धरून चाला आणि गॅस ओढून घेणाऱ्या मशिनवर गॅस काढून घ्या. मॅन्युअल गॅस काढायला सांगत असेल तर पिन असली तरी काढायचा.

आणि पिन असली तरी ती दहा-बारा वर्षं तिथेच दबलेली असते. वेळेला वर येईलच असं नाही.

शिकाऊ असताना मी स्वतः हा धडा घेतलाय. ‘पिन असतेच रे’ असं सोबतच्या पोराने सांगितलं आणि मी पाना लावला. दुसऱ्या आट्याला जोराचा आवाज सुरू झाला, तेव्हा परत आवळायला हवं होतं. मी मात्र घाईने अजून फिरवला. सेन्सर हातातून सुटून बॉनेटला आपटला, अंगठा पांढरा पडला आणि सगळी शेड धुरकट झाली. अंगठ्याची कातडी आठवडाभर सोलत होती.

पिन आहे याची खात्री झाली. आता घरी कसं करायचं?

सकाळी करा, इंजिन गार असताना. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत दाब कितीतरी जास्त असतो आणि पंखा चावी बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. स्टीरिओचा कोड लागणारी गाडी असेल तर तो आधी शोधून ठेवा.

डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल, हातात जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. साधा चष्मा चालत नाही, गॅस कडेने आत जातो. काम उघड्यावर करा. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने बंद पार्किंगमध्ये किंवा गॅरेजच्या खड्ड्यात खाली साचतो आणि तिथली हवा ढकलून देतो. आसपास विडी-सिगारेट, गॅसची शेगडी, वेल्डिंग काही नको, कारण ज्वाळेत हा गॅस विषारी आणि आम्लधर्मी वायू तयार करतो.

सेन्सरच्या बुडाची माती ब्रशने आणि फडक्याने साफ करा. नाशिकच्या खोदलेल्या रस्त्यांची धूळ तिथे तेलाबरोबर घट्ट बसलेली असते आणि सेन्सर निघाला की थेट तोटीत पडते. मग सॉकेटची कडी दाबून ते ओढा. वायरीला धरून ओढू नका.

आता पाना. सेन्सरच्या षटकोनाला नेमका बसणारा घ्या आणि दुसऱ्या पान्याने खालची तोटी धरून ठेवा. हे टाळलंत तर अ‍ॅल्युमिनियमचा पाइप पिळला जातो आणि सेन्सरच्या कामाचं पाइपचं काम होतं. पक्कड अजिबात लावू नका. चेहरा बाजूला ठेवून पाव-पाव आटा सैल करा. हलकं फुस्स होऊन थांबलं तर ठीक. आवाज थांबतच नसेल, वाढत असेल, तर तिथेच परत आवळा आणि गाडी मशिन असलेल्याकडे न्या. इथे हट्ट करायचा नाही.

नवा सेन्सर जुन्याशेजारी धरून बघा: आट्यांचा व्यास, उंची, आतला टोचा. टोचा नसलेला किंवा आखूड असलेला सेन्सर बसवलात तर पिन दाबली जात नाही, आणि गॅस भरलेला असूनही कॉम्प्युटरला दाब शून्य दिसतो. नवी ओरिंग (सेन्सरच्या बुडाची रबरी रिंग) तेलाने ओली करून बसवा, पहिले आटे हातानेच फिरवा. अडलं तर काढून पुन्हा लावा, कारण पान्याने रेटलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे मोडलेच म्हणून समजा. शेवटी मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. बऱ्याच गाड्यांत तो दहा न्यूटन-मीटरच्या आसपासच असतो, म्हणजे चाकाच्या नटाच्या दहाव्या हिश्श्याइतका. गळती ओरिंग थांबवते, तुमचा जोर नाही.

साबणाचा फेस लावून दोन-तीन मिनिटं बघा. बुडबुडा नसेल तर सॉकेट लावा, बॅटरी जोडा, कोड पुसा.

ओरिंग तीच वापरली तर काय होतं?

पाच-दहा रुपयांसाठी सगळा गॅस घालवायचा असेल तर वापरा. जुनी रिंग चपटी झालेली असते. नळाची किंवा साधी काळी रबरी रिंगही नको, एसीच्या गॅस-तेलाला टिकणारी घ्या. ती बहुधा हिरवी असते, पण रंगावर भरवसा न ठेवता ‘आर-१३४एची’ म्हणून मागा.

गॅस अंगावर उडाला तर?

आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. म्हणजे कातडीवर पडलेला थेंब तिथली उष्णता ओढून घेतच उडतो, आणि होते ती थंडीची इजा. चोळू नका, कोमट पाण्यात धरा. गरम पाणी नको. डोळ्यांत गेला तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा, दुखत नसलं तरी. चक्कर किंवा धडधड वाटली तर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना दाखवा.

‘सेन्सर नको, वायर डायरेक्ट करून देतो’ असं सांगतात. चालेल?

नाही. दोन वायरींच्या जुन्या स्विचला तारेचा तुकडा लावून कॉम्प्रेसर चालवणं हा आपल्याकडचा जुना जुगाड आहे. त्याने फक्त राखणदार कापला जातो. गॅस गळला तरी कॉम्प्रेसर फिरतो आणि जळतो, पंखा बंद पडला तरी दाब चढतच राहतो. तीन वायरींच्या सेन्सरला तर असं काही करूच नका. पाच व्होल्टची वायर अर्थला टेकली तर त्याच लाइनवरचे इंजिनाचे इतर सेन्सरही गप्प होऊ शकतात. एसी सुधारायला गेलेली गाडी मग टोचन करून आणावी लागते.

सगळा गॅस काढावा लागला तर पुढे काय काय करतात?

आधी मशिनने गॅस ओढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. आर-१३४एचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. गाडीतल्या चारशे ग्रॅमचे झाले पावणेसहाशे किलो. हे वायू कमी करण्याचा किगाली करार २०१६चा, आणि भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. आमच्या धंद्यात अजूनही काही जण फडकं धरून मोकळा सोडतात, ते मला पटत नाही.

नंतर सेन्सर आणि ओरिंग बदलायची. सिस्टिम बराच काळ उघडी राहिली असेल तर ड्रायरही बदलायचा, कारण तो हवेतला ओलावा पिऊन बसतो. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढणं. निदान अर्धा-पाऊण तास, पावसाळ्यात मी जास्तच देतो. तेवढ्यात गिऱ्हाईक मिसळ खाऊन येतं. इथे एक नाशिकची गोष्ट: आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहोत, त्यामुळे व्हॅक्यूमचा काटा मुंबईसारखा ३० इंचांना टेकत नाही, २८ च्या थोडा अलीकडेच थांबतो. मुंबईतले व्हिडिओ पाहून ‘तुमचा पंप कमजोर आहे’ म्हणणारे भेटतात. पंप ठीक असतो, वरची हवाच विरळ आहे. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलत नाही ना, हे बघायचं.

गॅस वजन करूनच भरायचा. किती ग्रॅम आणि कोणता, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नुसतं गेज पाहून ‘गॅस निम्मा आहे’ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी उभ्या गाडीत दाब तोच दिसतो, अगदी स्वयंपाकघरातल्या सिलिंडरसारखा. सिलिंडर आपण वजनावर जोखतो ना?

गळती शोधायला टायरचा हवेचा पंप लावणाऱ्याला हात जोडून नको म्हणा. हवा आणि आर-१३४ए दाबाखाली एकत्र आले तर पेट घेऊ शकतात, ऑक्सिजनचं तर नावच काढू नका. त्यासाठी कोरडा नायट्रोजन असतो.

स्वस्त गॅसचा कॅन आणि गळती बुजवणारं औषध कसं?

स्वस्त कॅनमध्ये कधी कधी स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील वायू मिसळलेले असतात, आणि एसीचा पाइप डॅशबोर्डच्या आत तुमच्या गुडघ्यांसमोर संपतो. गळती बुजवणारं औषध मशिनच्या आत जाऊन बसतं, म्हणून ते घातलेली गाडी बरेच जण, मीसुद्धा, मशिनला लावत नाहीत. कॅनने हाय साइडला गॅस भरणं तर जिवावरचं आहे. इंजिन चालू असताना तिथला दाब उलटा कॅनमध्ये शिरतो आणि कॅन फुटतो.

नवा सेन्सर लावला, तरी कॉम्प्रेसर लागत नाही.

क्रमाने बघा: कोड पुसला का, सॉकेटची कडी टिचकन बसली का, फ्यूज आणि रिले ठीक आहेत का, टोचा पिनला पोचतोय का. मग पुन्हा गेज आणि स्कॅनर समोरासमोर. यानंतर कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल आणि कंट्रोल व्हॉल्व्हकडे जायचं, ते काम अंगणातलं नव्हे.

कसारा घाट चढताना एसी तोडतो. सेन्सर बदलू?

थांबा. पूर्ण लोडवर चढताना इंजिनाला ताकद मिळावी म्हणून कितीतरी गाड्यांचा कॉम्प्युटर कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडतो. इंजिन फार तापलं तरी सोडतो. नाशिक शहरात द्वारका चौकात सिग्नलवर उभं असताना तोडत असेल तर वेगळी गोष्ट: कंडेन्सरच्या जाळीत धूळ भरलीय किंवा पंखा दमलाय, दाब वर जातोय आणि सेन्सर त्याचं काम करतोय. जाळी साध्या नळाच्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पत्रे दुमडतात. उन्हाळ्यात माझ्याकडे सेन्सर म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्या धुण्यावरच परत जातात.

इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीला हेच लागू का?

घरी हात लावू नका. तिथला कॉम्प्रेसर बहुधा नारिंगी वायरींच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो, आणि त्याचं तेलही वेगळं असतं. नेहमीच्या गाडीचं पॅग तेल त्यात थोडं जरी गेलं तरी विजेचं इन्शुलेशन बिघडतं. नव्या काही गाड्यांत आर-१२३४वायएफ गॅस असतो, तो हलकासा ज्वलनशील आहे आणि त्याला मशिनही वेगळं लागतं.

गॅरेजमध्ये करून घेताना बिलात काय बघू?

सेन्सरचा पार्ट नंबर, ओरिंग, किती ग्रॅम गॅस काढला आणि किती भरला, व्हॅक्यूम किती वेळ दिला. काढलेला गॅस भरलेल्यापेक्षा खूप कमी असेल तर कुठेतरी गळती आहे, ती कुठे सापडली ते विचारा. आणि जुना सेन्सर मागून घ्या, काकांनी पिशवीत ठेवला होता तसा.